सोलापूर ते मालदीव: मधुचंद्राच्या पहिल्या दिवसाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीच्या घरात लग्न ठरले आणि मधुचंद्रासाठी मालदीवचे नाव निघाले, की पुढील प्रश्न माझ्याकडे येतात. बहुतेकांना व्हिला कसा आहे आणि छायाचित्रे कोठे चांगली येतील याची उत्सुकता असते. प्रत्यक्षात रिसॉर्ट सहसा निराश करत नाही. बिघडतो तो तेथे पोहोचण्याचा दिवस. म्हणून येथील बहुतेक उत्तरे त्या एका दिवसाभोवती फिरतात.

प्रवासाची आखणी कोठून सुरू करावी?

शेवटापासून. सोलापूर स्थानकापासून पुढे मोजत गेल्यास हिशेब हमखास चुकतो. तो बेटावरच्या धक्क्यापासून मागे मोजावा. मालदीवमधील दूरची रिसॉर्टे सी-प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने गाठावी लागतात आणि ही विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तेथे वर्षभर संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे आपले मुंबईचे विमान मालदीवची राजधानी माले येथे दुपारी साधारण साडेतीनच्या आत उतरणार नसेल, तर त्या दिवशी सी-प्लेन मिळेलच असे गृहीत धरू नये. नेमकी मर्यादा प्रत्येक रिसॉर्ट आरक्षणाच्या वेळी कळवते. ती आधी विचारावी, मग विमान निवडावे आणि सर्वांत शेवटी रेल्वेचे तिकीट काढावे. अनेकजण स्वस्त मिळाले म्हणून संध्याकाळी पोहोचणारे विमान घेतात आणि हजारो रुपये मोजलेली व्हिलातील पहिली रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले येथील साध्या हॉटेलात काढतात.

सोलापूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळचे विमान पकडता येईल का?

येईल, मात्र ही जोखीम आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात घ्यावी असे मला वाटत नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटून सकाळी मुंबईत पोहोचते, आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी विमानतळावर असावे लागते, आणि दादरहून सहारच्या विमानतळावर जाताना सकाळची वाहतूक कोणाचे लग्न झाले आहे हे पाहत नाही. गाडी दोन तास उशिरा आली तर पुढचे सगळे दुवे निखळतात. त्यापेक्षा आदल्या दिवशी वंदे भारतने निघून दुपारी मुंबई गाठावी आणि रात्रीचा मुक्काम अंधेरीच्या परिसरात करावा. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आहे. तिचा विचार अवश्य करावा, पण त्याच दिवशीच्या जोडउड्डाणासाठी नव्हे. दोन्ही तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची असली, तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

आणखी एक घरगुती सूचना आहे. सत्यनारायण, तुळजापूरचे दर्शन आणि जागरण-गोंधळ यांच्या तारखा घरातील वडीलधाऱ्यांकडून पक्क्या करून घेतल्याशिवाय परतावा नसलेले तिकीट काढू नये.

स्पीडबोट चांगली की सी-प्लेन?

चार रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल, तर माझे मत निःशंकपणे स्पीडबोटीच्या बाजूचे आहे. माले विमानतळ ज्या काफू प्रवाळमंडलात, म्हणजे प्रवाळबेटांच्या समूहात आहे, तेथील अनेक रिसॉर्टे बोटीने पाऊण-एक तासाच्या आत गाठता येतात, बोट रात्रीही मिळू शकते आणि खर्चही कमी येतो. सी-प्लेनच्या जाण्या-येण्याचे भाडे प्रत्येकी काही शे डॉलर असते आणि ते अनेकदा खोलीच्या दरात धरलेले नसते. दुसरीकडे, वरून दिसणारी निळ्या पाण्यातील प्रवाळांची कडी हे दृश्य बोटीतून मिळत नाही. मुक्काम मोठा असेल आणि विमान सकाळचे असेल, तर एकदा तो अनुभव घ्यावा.

लग्नानंतर पत्नीचे आडनाव बदलले आहे. पासपोर्ट आधी बदलावा लागेल का?

नाही. माहेरच्या नावाचा वैध पासपोर्ट असेल तर त्यावरच प्रवास करावा. मात्र विमानाचे तिकीट, रिसॉर्टचे आरक्षण आणि मालदीवचे ऑनलाइन निवेदन (त्याविषयी पुढे) या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः लिहावे. उत्साहाच्या भरात सासरच्या नावाने तिकीट काढणारे नवरदेव दर हंगामात भेटतात. पासपोर्टच नसेल तर साखरपुड्यानंतर लगेच अर्ज करावा. सोलापूर जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक असणे सुरक्षित.

व्हिसाचे काय?

भारतीय पर्यटकांना तो माले येथे उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. परतीचे तिकीट आणि आरक्षणाचा पुरावा जवळ ठेवावा. त्याखेरीज ‘इमुगा’ या मालदीव सरकारच्या संकेतस्थळावर प्रवासी निवेदन उड्डाणापूर्वीच्या ९६ तासांच्या आत भरावे लागते, जातानाही आणि परततानाही. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही असे खुशाल समजावे.

सामानात काय घेऊ नये?

हा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो, पण लग्नघरातून निघालेल्या बॅगेत काय काय असते हे आपण सारे जाणतो. ओटीत आलेली सुक्या खोबऱ्याची वाटी कोणीतरी शकुन म्हणून कपड्यांत ठेवते. सुके खोबरे तेलकट आणि ज्वालाग्राही असल्याने भारतातील विमानप्रवासात त्यावर बंदी आहे आणि क्ष-किरण तपासणीत ते दिसले की बॅग बाजूला काढली जाते. लोणच्याची बरणी हातातल्या सामानात चालत नाही. शेंगा चटणी आणि कडक भाकरी न्यायची असल्यास हवाबंद पाकिटात, मोठ्या बॅगेत ठेवावी. चौथ्या दिवशी तिची किंमत कळते.

मालदीवचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. ते इस्लामी राष्ट्र असून तेथे दारू, डुकराचे मांस आणि पूजेसाठीच्या मूर्ती आणण्यास मनाई आहे. म्हणून देवाचा टाक किंवा बाळकृष्ण सोबत देण्याचा आग्रह घरातून झाला, तर तो देव्हाऱ्यातच राहू द्यावा. गळ्यातील मंगळसूत्राला कोणी आक्षेप घेत नाही. मुंबईच्या ड्युटी-फ्री दुकानातून घेतलेली बाटली माले येथे सीमाशुल्क अधिकारी ताब्यात घेतात आणि पावती देतात. ती परतताना मिळते. रिसॉर्टमध्ये मात्र दारू परवान्याने उपलब्ध असते. झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक औषधे असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

तेथील विजेच्या खाचा ब्रिटिश पद्धतीच्या, तीन चौकोनी पिनांच्या असतात. आपल्याकडील चार्जरसाठी अॅडाप्टर न्यावा.

लग्नातले दागिने घालून गेले तर चालेल का?

चालेल, पण का न्यावेत हा प्रश्न स्वतःला विचारावा. परतताना मुंबईला सीमाशुल्क अधिकाऱ्याने पाटल्या-बांगड्यांविषयी विचारल्यास, त्या भारतातूनच नेल्या होत्या हे दाखवण्याची जबाबदारी प्रवाशाची असते. त्यासाठी जातानाच सीमाशुल्क कक्षातून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येते. त्यात वेळ जातो. रोजच्या वापरातील मंगळसूत्र, छोटे कानातले आणि एखादी अंगठी एवढे पुरे. बाकीचे लॉकरमध्ये ठेवावे. खाऱ्या पाण्यात बोटे आक्रसतात आणि सैल अंगठी नकळत निसटते, ही गोष्टही नवरदेवांनी लक्षात ठेवावी.

माले विमानतळावर उतरल्यानंतर नेमके काय घडते?

मुंबईहून थेट विमानाला साधारण अडीच ते तीन तास लागतात. वेलाना आंतरराष्ट्रीय विमानतळ हुलहुले नावाच्या स्वतंत्र बेटावर आहे. २०१८ पासून तो पुलाने राजधानी मालेशी जोडलेला आहे. आधी पासपोर्ट तपासणी, मग सामान, मग सामानाची क्ष-किरण तपासणी, असा क्रम असतो. बाहेरच्या दालनात रिसॉर्टांचे काउंटर रांगेने मांडलेले असतात आणि रिसॉर्टचे नाव लिहिलेली पाटी घेऊन कर्मचारी उभे असतात. त्यामुळे आरक्षणाच्या कागदावरील रिसॉर्टचे पूर्ण नाव पाठ असावे. एकाच समूहाची सारख्या नावाची दोन-तीन रिसॉर्टे असतात आणि ती वेगवेगळ्या बेटांवर असतात. तेथे रिक्षा किंवा टॅक्सी शोधण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मालदीवमध्ये ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी पद्धत आहे आणि आपल्याला न्यायला रिसॉर्टचीच बोट किंवा रिसॉर्टने ठरवलेले विमान येते. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले, तेव्हापासून ही पद्धत रुजत गेली आहे.

बोटीने जायचे असल्यास धक्का दालनासमोरच आहे. सी-प्लेनसाठी वाहनाने वेगळ्या टर्मिनलवर नेतात. तेथे सामानाचे पुन्हा वजन होते: बहुधा मोठ्या बॅगेसाठी २० किलो आणि हातातील पिशवीसाठी ५ किलो. जास्तीच्या प्रत्येक किलोचे डॉलरमध्ये पैसे लागतात. मुंबईच्या विमानाने चालवून घेतलेले वजन येथे चालत नाही, हे रुखवतातील भल्यामोठ्या सुटकेसचा मोह होणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. यानंतर वाट पाहणे आले. सी-प्लेनचे वेळापत्रक त्या दिवशीच्या प्रवाशांनुसार जुळवले जाते, म्हणून एक-दोन तास थांबावे लागणे नेहमीचे आहे.

हातातील पिशवीत एक कपड्यांचा जोड, पोहण्याचे कपडे, औषधे आणि कागदपत्रे ठेवावीत. विमान भरलेले असल्यास सामान पुढच्या फेरीने येते. आमच्या स्वतःच्या प्रवासात ते रात्री पोहोचले आणि तोवर मी सोलापूरहून निघताना घातलेल्या जाड पँटमध्ये वाळूत बसून होतो.

सी-प्लेनची भीती वाटते. प्रवास कसा असतो?

ट्विन ऑटर जातीचे दोन इंजिनांचे विमान असते, त्यात पंधराएक प्रवासी बसतात आणि ते कमी उंचीवरून उडते. आवाज मोठा असतो, वातानुकूलन आणि स्वच्छतागृह नसते. टर्मिनलवरच स्वच्छतागृहाला जाऊन यावे आणि पोट फार भरलेले नसावे. वैमानिक अनवाणी बसलेला दिसला तर दचकू नये. पाण्यात ये-जा करावी लागत असल्याने ती तेथील रीतच आहे.

बेटाच्या धक्क्यावर स्वागत कसे होते आणि आपण काय करायचे असते?

काही करायचे नसते, आणि आपल्याला तेच जड जाते. बोट लागल्यावर कर्मचारी हात देतात, गार रुमाल आणि शहाळ्याचे किंवा फळांचे पेय येते, काही ठिकाणी ‘बोडुबेरू’ हा मालदीवचा मोठ्या ढोलांचा वादनप्रकार असतो. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चाललेल्या वाद्यांची सवय असलेल्या कानांना तो ठेका परका वाटत नाही. बॅगा स्वतः उचलू नयेत. त्या व्हिलात पोहोचतात. मग छोट्या विजेवरील गाडीतून व्हिलाकडे नेले जाते आणि आपल्यासाठी नेमलेला मदतनीस सगळी व्यवस्था समजावून सांगतो. अनेक रिसॉर्टांत तो मुक्कामभर व्हॉट्सॲपवर उपलब्ध असतो. नाश्त्याची वेळ, गाडी, जेवणाचे आरक्षण, सारे त्यालाच सांगावे.

खोली दुपारी दोन-तीन वाजता मिळते. त्याआधी पोहोचल्यास जेवून किनाऱ्यावर बसता येते. पहिल्या संध्याकाळी कोणताही कार्यक्रम ठरवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लग्नाच्या आठवड्यात जोडप्याची झोप झालेली नसते; पहिल्याच रात्री खास जेवणाचे पैसे भरून डुलक्या घेण्यात अर्थ नाही.

घड्याळ किती मागे-पुढे करावे?

मालेची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे. परंतु काही रिसॉर्टे पाहुण्यांना उजेड अधिक मिळावा म्हणून मालेपेक्षा एक तास पुढची ‘बेटाची वेळ’ पाळतात, म्हणजे ती भारताच्या अर्धा तास पुढे होते. मोबाइल मात्र मालेची वेळ दाखवत राहतो. परतीची बोट कोणत्या घड्याळाने सुटणार, हे विचारून घ्यावे. घरी ‘पोहोचलो’ असा फोन करण्यासाठी विमानतळावर सिमकार्ड मिळते. रिसॉर्टमध्ये वायफाय असतेच.

मधुचंद्राची सवलत मागावी लागते का?

होय, आणि आधीच. केक, फुलांनी सजवलेला पलंग, एखादे जेवण किंवा मसाज असे काही रिसॉर्टे देतात, पण त्यासाठी किमान रात्रींची अट आणि विवाह प्रमाणपत्राची मागणी असू शकते. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते. शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे अर्ज करता येतो. प्रमाणपत्र हाती आले नसेल तर लग्नपत्रिका चालेल का, असे ई-मेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. आपली पत्रिका मराठीत, काही घरांत तेलुगूत किंवा कन्नडमध्ये असते, त्यामुळे इंग्रजी प्रतही करून ठेवलेली बरी.

जाहिरातीतील दर आणि शेवटचे बिल यांत एवढा फरक का पडतो?

दरापुढील दोन अधिकचिन्हांमुळे. त्यांचा अर्थ सेवाशुल्क आणि कर वेगळे, असा आहे. सेवाशुल्क सहसा १० टक्के असते आणि पर्यटनावरील वस्तू-सेवा कर जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. हा कर सेवाशुल्कासह झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरच्या जेवणाचे आधी ११० आणि मग १२८ डॉलर ७० सेंट होतात. याखेरीज रिसॉर्टमध्ये प्रत्येक व्यक्तीला रोज १२ डॉलर हरित कर आहे. दोघांच्या चार दिवसांचे ९६ डॉलर झाले. आरक्षण करतानाच ‘सर्व कर आणि बेटापर्यंतच्या प्रवासासह एकूण रक्कम किती’ असा एकच प्रश्न लेखी विचारावा. आपल्याकडील पर्यटन कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. नवविवाहित बहुधा हे विसरतात.

रुफिया हे तेथील चलन असले तरी रिसॉर्टमधील सर्व व्यवहार डॉलरमध्ये होतात. फॉरेक्स कार्ड आणि बक्षिसीसाठी थोडे सुटे डॉलर एवढे पुरते.

आम्ही शाकाहारी आहोत. ‘सर्वसमाविष्ट’ योजना घ्यावी का?

दोघेही मद्यपान करत नसाल, तर घेऊ नये. त्या योजनेच्या किमतीतील मोठा भाग पेयांचा असतो. मात्र केवळ नाश्त्याचीही योजना घेऊ नये, कारण बेटावर दुसरे हॉटेल नाही आणि साधी डाळ-भाताची थाळीही डॉलरमध्ये महाग पडते. नाश्ता व रात्रीचे जेवण, किंवा तिन्ही वेळची जेवणे, हा मध्यम मार्ग. शाकाहार, जैन आहार, अंडे चालते की नाही, हे आरक्षणात लिहून पुन्हा पोहोचल्यावर मुख्य आचाऱ्याला सांगावे. तेथील स्वयंपाकात मासळी, विशेषतः ट्यूना, सढळपणे असते. भाजीच्या रश्शातही ती असू शकते.

पाण्यावरचा व्हिला की किनाऱ्यावरचा?

दोन्ही. रिसॉर्ट परवानगी देत असल्यास पहिल्या रात्री किनाऱ्यावर आणि शेवटच्या दोन रात्री पाण्यावर राहावे. पैसा वाचतो आणि प्रवास करून आलेल्या दिवशी महागडी खोली वाया जात नाही.

पोहता येत नाही. मग तेथे जाऊन काय करावे?

आपल्यापैकी अनेकजण गावाकडच्या विहिरीत डबा बांधून पोहायला शिकले, काही कधीच शिकले नाहीत. किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक ठिकाणी उथळ आणि शांत असते. लाइफ जॅकेट घालून त्यात मासे पाहता येतात. छोटे, काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क कमरेइतक्या पाण्यात फिरताना दिसतात आणि ते माणसाच्या वाट्याला जात नाहीत. प्रवाळभिंतीची कड मात्र अचानक खोल जाते आणि तेथे प्रवाह असतो. विहिरीत सूर मारणाऱ्यानेही त्या कडेपलीकडे मार्गदर्शकाशिवाय जाऊ नये. स्कूबा, म्हणजे श्वसनाचे नळकांडे लावून खोल बुडी, केल्यास त्यानंतर किमान २४ तास विमानात, सी-प्लेनमध्येसुद्धा, बसू नये. शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि तो धोका गंभीर आहे.

कोणत्या महिन्यात जावे?

डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, मे ते ऑक्टोबर पावसाळी. मे महिन्यात लग्न करणाऱ्यांनी निराश होऊ नये: दर उतरलेले असतात, पाऊस सहसा सरींनी येऊन जातो आणि सोलापुरात पारा चाळिशी ओलांडत असताना तेथे तो तिशीच्या आसपास असतो. नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळावा. दर दुप्पट होऊ शकतात आणि ३१ डिसेंबरच्या मेजवानीचे पैसे अनेक ठिकाणी सक्तीने घेतले जातात.

किनाऱ्यावरचे शंख-कवड्या आणता येतील का?

आणू नयेत. प्रवाळ आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास मालदीवमध्ये बंदी आहे आणि भारतातही वन्यजीव कायद्याखाली त्या अडचणीत आणतात. शतकानुशतके मालदीवच्या कवड्या जहाजांतून बंगालमध्ये चलन म्हणून जात, हे वाचल्यावर तुळजापूरच्या आराधिणींच्या गळ्यातील माळ आठवल्याशिवाय राहत नाही. तरीही कवडी हवी असेल तर ती तुळजापुरातच घ्यावी.

परतीच्या दिवशी मुंबईहून त्याच रात्रीची सोलापूरची गाडी मिळेल का?

सी-प्लेनने परतणार असाल, तर त्याची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि ती बरीच सकाळची असू शकते. दुपारच्या विमानाने मुंबईत संध्याकाळी उतरलात तर रात्री साडेदहानंतर सुटणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस जमू शकते. परतताना माझा नियम थोडा सैल आहे, कारण गाडी चुकली तरी एक रात्र मुंबईत काढावी लागते, एवढेच. ताब्यात दिलेली बाटली असल्यास तिची पावती मात्र पासपोर्टसोबत ठेवावी.